सकाळच्या पाळीचा संघ

१२ ऑक्टोबर

ही वही लिहायला मला वकिलांनी भाग पाडलं. काल सामना संपल्यावर मी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडत असताना कोणीतरी माझ्या पाठीवर चिखलाचा गोळा मारला. कोट खराब झाला. वळून पाहिलं तर मागे मोठा घोळका, आणि एकाचाही हात चिखलाचा नाही. वकील म्हणाले, "तक्रार करायची तर नुसता संताप चालत नाही. कोण काय बोललं, कुठे उभं होतं, ते त्या त्या दिवशी लिहून ठेवा." मला रोजनिशीची सवय नाही. कॉलेजात असताना एक सुरू केली होती, पण तिच्यात मैत्रिणींच्या तक्रारी इतक्या झाल्या की बंद केली. ही मात्र कामाची आहे. त्यांना लागेल तेवढा भाग उतरवून देईन, बाकीचा माझा.

तर वस्तुस्थिती अशी. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. यजमान गेल्यावर तो बंद पडणार असं ज्यांना वाटलं होतं ते आज माझ्याकडूनच खोकी घेतात. उन्हाळ्यात मी इथला फुटबॉल क्लब विकत घेतला. क्लब तिसऱ्या श्रेणीतला, तोही तळाशी. प्रेक्षकांवरच्या छपराला भोकं, न्हाणीघरात गरम पाण्याचा पत्ता नाही, गोलच्या जाळ्या एवढ्या फाटक्या की गोल झाला की नाही यावर भांडणं व्हायची. मी छप्पर दुरुस्त केलं, गवत नवं लावलं, बंब बसवला. लोक विचारतात, बाईला फुटबॉलमधलं काय कळतं? मी नियमपुस्तक दोनदा वाचलं आहे. ऑफसाइड मला समजतो. ओरडणाऱ्यांना समजत नाही.

माझा गुन्हा एवढाच. इथले खेळाडू दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी सरावाला यायचे. कप्तानाची बेकरी आहे. गोलकीपर शहर बस चालवतो. त्याला सगळे 'ब्रेक' म्हणतात. बचावातला एक जण नळदुरुस्ती करतो, पुढच्या फळीतल्याचं सलून आहे. दमलेली माणसं दिव्याखाली तासभर पळणार आणि त्याला सराव म्हणणार. मी सगळ्यांना पूर्णवेळ पगारावर घेतलं. बाहेरची कामं बंद. सकाळी आठला हजर, पाचला सुट्टी, माझ्या कारखान्यातल्या सकाळच्या पाळीसारखं. अशी नोकरी मी कारखान्याच्या दारावर लावली असती तर रांग लागली असती.

प्रशिक्षक आमचे जावई. ते आधीपासूनच होते, मी नेमलेले नाहीत. शाळेत व्यायाम शिकवायचे आणि संध्याकाळी हे. त्यांना शाळा सोडायला सांगितली आणि पाच वर्षांचा करार केला. त्या मुदतीत दुसऱ्या कोणत्याही संघाचं काम घ्यायचं नाही. करार मीच लिहिला, आमच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्याचा नमुना समोर ठेवून. त्याच सुमारास दूरच्या एका मोठ्या क्लबाने त्यांना बोलावलं होतं आणि मुलीने सामान हलवणाऱ्यांकडे चौकशी सुरू केली होती. त्याचा इथे काही संबंध नाही.

१५ ऑक्टोबर

दुपारच्या आत मैदानावर गेले. सगळे छपराखाली. चौघं पत्ते खेळत होते, नळवाला आडवा झाला होता.

"सराव संपला?"

"संपला, मॅडम," जावई म्हणाले. मैदानावर ते मला मॅडम म्हणतात, घरी आई. हे त्यांनीच ठरवलं आणि मला ते पटलं. मी दोन्हीकडे त्यांना 'तुम्ही'च म्हणते. जावई म्हटल्यावर दुसरं तोंडात येत नाही.

"पाचपर्यंत वेळ आहे."

"वेळ आहे. पाय नाहीत. याच्यापुढे पळवलं तर शनिवारी यांना उचलून मैदानात ठेवावं लागेल."

"मग बसवून शिकवा. फळा पाठवते."

"काय शिकवू?"

"चुका. कमी आहेत का?"

पत्ते वाटणारा सलूनवाला गालातल्या गालात हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने पत्ते आणखी नीट वाटले.

कप्तान फाटकापर्यंत सोडायला आला. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. "मॅडम, एक विचारू? भट्टी पेटवायची सवय, त्यामुळे पहाटे जाग येतेच. मग करायचं काय ते कळत नाही. बायको म्हणते, घरात भुतासारखा फिरू नकोस."

"बेकरी कोण बघतं?"

"मेव्हणा. पाव जाळतो."

"वाचन करा."

"काय वाचू?"

पर्समधलं नियमपुस्तक त्याला दिलं. त्याने ते दोन्ही हातांत धरलं, गरम ट्रे धरतात तसं. फळा दुपारी पाठवून दिला. सोबत खडूही.

१८ ऑक्टोबर

हरलो. तीन शून्य. वकिलांसाठी आरोळ्यांची नोंद: "चेंडू बघ रे, पगार मिळतो तुला!" "साहेब, दमलात का? बसा!" "भोंगा झाला, घरी जा!" मला उद्देशून: "ए पुठ्ठेवाली, यांना खोक्यात भर आणि पाठवून दे!" हे शेवटचं हिरव्या मफलरवाल्या म्हाताऱ्याचं. साक्षीदार: तिकीटवाला.

हा तिकीटवाला इथे माझ्या कितीतरी आधीपासून आहे. मी विचारलं, "पूर्वी ओरडत नव्हते का?"

"ओरडायचे की. जास्त ओरडायचे."

"मग फरक काय पडला?"

तो म्हणाला, "पूर्वी नळवाल्याच्या पायांतून चेंडू गेला की ओरडायचे, 'आमचा नळपण असाच गळतोय, उद्या ये!' आणि तो मैदानातूनच हात करायचा, येतो म्हणून. सलूनवाल्याने गोल घालवला की, 'माझी मिशीही अशीच वाकडी केलीस!' ब्रेकने चेंडू अडवला की सगळे एकदम, 'उतरा, उतरा, शेवटचा स्टॉप!'" सांगता सांगता त्याचा चेहरा खुलला.

"यात कौतुक कुठे आहे?"

"कौतुक नाहीच, मॅडम. शिव्याच त्या."

मग आताची तक्रार काय, हे काही त्याला सांगता येईना. वकिलांना याचा उपयोग नाही.

२६ ऑक्टोबर

रविवार. मुलीला, जावयांना आणि नातीला जेवायला बोलावलं होतं. मुलगी यायला तयार नव्हती, हे तिने आल्या आल्या सांगितलं. औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांशी गोड बोलून घरच्यांसाठी काही शिल्लक राहत नाही असं मी समजते.

नातीने पहिला घास घेतला आणि विचारलं, "आजी, पुठ्ठेवाली म्हणजे तूच ना?"

"कोण म्हणतं?"

"बालवाडीत सगळे."

मुलीने तिला गप्प केलं नाही. उलट माझ्याकडे बघत राहिली.

मग तिने विषय काढला. मोठ्या क्लबाने परत विचारलं आहे. नवं वर्ष सुरू व्हायच्या आत उत्तर हवं आहे.

"उत्तर करारात आहे," मी म्हटलं.

"आई, तो करार रद्द कर."

"का? पगार कमी आहे?"

"पगाराचं कोण बोलतंय!"

"जाऊ दे ना," जावई म्हणाले.

"काय जाऊ दे? तुम्ही दोघं एकमेकांना तुम्ही तुम्ही करत बसा. आई, हा घरी येतो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो. पूर्वी शाळा करून, मैदान करून यायचा, मेल्यासारखा दमलेला असायचा, पण बोलायचा. आता दमत नाही आणि बोलतही नाही."

मी म्हटलं, "मैदानाजवळ तुमच्यासाठी घर बघून ठेवलं आहे. वरच्या खोलीतून सगळं मैदान दिसतं. माझ्या वाटेवरच आहे."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"चांगलं मिळत होतं."

तिने नातीला उचललं आणि भरल्या ताटावरून उठली. हे तिने लहानपणीही कधी केलं नव्हतं. मी करू दिलं नव्हतं. जावई मात्र पूर्ण जेवले, ताट उचलून मोरीत ठेवलं, "येतो, आई" म्हणाले. संस्कार दिसतात. तिच्यावर इतका खर्ची घातलेला जन्म, आणि संस्कार दिसतात ते परक्याच्या मुलाचे.

३ नोव्हेंबर

गाडीच्या चारही चाकांची हवा सोडलेली. हे कारखान्याच्या फाटकासमोर, दिवसाउजेडी. पहारेकऱ्याने काही पाहिलं नाही म्हणे. पाहायचं नसेल तर डोळे असून काय उपयोग. मी टॅक्सी बोलावली असती, पण ती दिसेना आणि बस समोर येऊन थांबली. कितीतरी वर्षांनी बसमध्ये चढले.

तुडुंब भरलेली. दारातच अडकले. पुढून आवाज आला, "बाई, जरा वर सरका, दार लागत नाही."

आवाज ओळखीचा वाटला. आरशात पाहिलं. आरशातून ब्रेक माझ्याकडे बघत होता. माझा गोलकीपर. माझ्या पगारावरचा, बाहेरचं काम बंद असलेला.

"तुम्ही इथे काय करताय?"

"बस चालवतोय, मॅडम."

कोणीतरी हसलं. मग सगळीच बस हसली. मागून एक बाई म्हणाली, "अगंबाई, पुठ्ठेवाली! जागा द्या तिला, मालकीण आहे." कोणी उठलं नाही. "तिकीट काढा हो मालकीणबाई!" "ब्रेक, हळू घे, खोक्यावर लिहिलंय, नाजूक वस्तू!"

ब्रेकने मात्र एकालाही उत्तर दिलं नाही. प्रत्येक स्टॉपवर उतरणाऱ्याशी बोलत होता. "आज्जी, दुसरा पाय आधी टाका. हां." "काय रे, औषध घेतलंस का?" एका माणसासाठी तर स्टॉप नसताना थांबला. माझा स्टॉप आला तेव्हा मला म्हणाला, "सांभाळून, मॅडम. पायरी उंच आहे." माझ्या नोकरीत असताना हा माणूस माझ्याशी एवढा बोलला नव्हता.

नियम मोडला तो मोडलाच.

४ नोव्हेंबर

ब्रेकला आणि जावयांना ऑफिसात बोलावलं. माझं ऑफिस मैदानालगत वरच्या मजल्यावर आहे, खिडकीतून मैदान दिसतं.

"पगार पुरत नाही का?" मी ब्रेकला विचारलं.

"पुरतो की."

"मग?"

त्याने टोपी काढली. डोक्यावर टक्कल आहे हे तेव्हा कळलं. "पाचनंतरची एकच फेरी करतो, मॅडम. दिवसभर इथे गोलमध्ये उभं राहायचं. चेंडू येईल तेव्हा येईल. बसमध्ये प्रत्येक स्टॉपवर माणूस असतो."

"कराराच्या विरुद्ध आहे."

"आहे," तो म्हणाला. वाद घातला नाही. असल्या माणसांशी भांडता येत नाही हा त्यांचा कावा असतो.

मी जावयांना म्हटलं, "शनिवारपासून हे संघात नकोत."

"संघ मी निवडतो, मॅडम."

"मी सांगते आहे."

"ऐकलं मी. मी त्याला वगळणार नाही. पटत नसेल तर मला काढा."

हे ते शांतपणे म्हणाले. पण चेहऱ्यावर असं काही होतं की जणू मी काढावंच.

५ नोव्हेंबर

वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "अवज्ञा झाली आहे, काढू शकता. मात्र काढलंत तर बंधन तुम्हीच सोडलं असं होईल. ते उद्या सकाळी कुठेही जायला मोकळे."

"मग काढत नाही."

"त्यांना कदाचित तेच हवं असेल."

"म्हणूनच काढत नाही."

वकील म्हणाले, "बाई, आपण चिखलाबद्दल बोलत होतो ना?"

ब्रेकला मी स्वतःच काढलं. संघाच्या नोंदणीतून त्याचं नाव खोडलं. प्रशिक्षकाला वगळायचं नसेल, पण मालकाला नोंदणी रद्द करता येते. नियमपुस्तकात आहे. मी दिलेलं पुस्तक कप्तानाने वाचलं असतं तर त्यालाही हे ठाऊक असतं.

७ नोव्हेंबर

सकाळी आठला मैदानावर गेले. मी प्रत्येक खेळाडूला फोटो लावलेलं ओळखपत्र दिलं होतं, गळ्यात घालायच्या फितीसह. सगळी ओळखपत्रं फाटकाच्या गजांना लटकत होती. वाऱ्याने गरागरा फिरत होती, कधी चेहरा दिसायचा, कधी पाठ.

तिकीटवाल्याने सांगितलं, कप्तानाने पहाटेच भट्टी पेटवली. मेव्हण्याला हाकललं. नळवाला गल्लीगल्लीत फिरतोय, लोकांनी त्याच्यासाठी गळके नळ राखून ठेवले होते म्हणे. सलून उघडं आहे.

"उद्या सामना आहे," मी म्हटलं.

"येणार आहेत ना. उद्या सामन्याला येणार. पूर्वी यायचे तसे. पगार नको म्हणाले."

"आणि प्रशिक्षक?"

त्याने मान मैदानाकडे वळवली.

जावई मैदानाच्या मधोमध उभे होते. एकटे. शिट्टी गळ्यात, पायाशी चेंडूंची जाळी. करारात मीच लिहिलं आहे: कामाची जागा, मैदान. वेळ, आठ ते पाच. ते करार पाळत होते.

८ नोव्हेंबर

सात गोल खाल्ले. गोलमध्ये नळवाला. पहिल्या मिनिटाला त्याच्या हातून चेंडू निसटून आत गेला आणि सगळं छप्पर दणाणलं, "मेन व्हॉल्व्ह बंद कर रे!" त्याने खरंच खाली वाकून काहीतरी पिळल्यासारखं केलं. लोक रडेपर्यंत हसले. सातव्या गोलाला तर टाळ्या. ब्रेक प्रेक्षकांत बसला होता, आणि चेंडू गोलकडे आला की त्याचे हात आपोआप वर जायचे, मग शेजारचे त्याला धरून खाली बसवायचे.

सामना संपल्यावर दोन्ही संघांना खांद्यावर घेतल्यासारखं बाहेर नेलं. सात गोलांनी हरलेला संघ! मी हिशेब लावून पाहिला, आता श्रेणी टिकणं अवघड आहे. हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्याकडे आज कोणी वळूनही पाहिलं नाही. तक्रारीसाठी नोंद नाही.

११ नोव्हेंबर

धुकं. खिडकीतून जावई अर्धेच दिसत होते. ते सरावाचे प्लास्टिकचे लाल शंकू एका ओळीत मांडतात, त्यांच्यामधून चेंडू घेऊन पळतात, मग शंकू उचलतात आणि दुसरीकडे मांडतात. दुपारी कुंपणाला टेकून माणसं उभी राहिली. "जावईबापू, ऊन निघालं की कळवा!" "सासूबाई वर खिडकीत आहेत, हात करा!" त्यांनी हात केला नाही. वर पाहिलंही नाही.

मी पडदा लावून घेतला. उजेड कमी पडला म्हणून परत उघडला.

१४ नोव्हेंबर

मुलगी दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन येते. मैदानाच्या मधोमध दोघं चटई टाकून बसतात. आज नातही होती. ती शंकूंमधून पळत होती आणि तिचा बाप शिट्टी वाजवून तिला वळायला सांगत होता. एकदा ती धडपडली. मी खुर्चीतून उठले होते. तोवर तिने स्वतःच गुडघे झटकले.

इथून ऑफिसातून त्यांचं हसणं ऐकू येत नाही, तोंडं उघडलेली दिसतात एवढंच. मुलीला रोज बघते आहे. गेल्या वर्षभरात मिळून बघितली नसेल इतकी.

१७ नोव्हेंबर

जावयांना खोकला झाला आहे. आता तो वरपर्यंत येतो. काल दिवसभर वारा होता. आज मी खाली गेले. मैदानावर दुसरं कोणी नव्हतं, कुंपणालाही कोणी नव्हतं.

"आत बसा," मी म्हटलं. "ऑफिसात हीटर आहे."

"करारात मैदान लिहिलंय, मॅडम."

मॅडम म्हणाले म्हणून आजूबाजूला नीट पाहिलं. खरंच कोणी नव्हतं.

"करार मी लिहिला आहे. मी सांगते, आत बसा."

"तसं लेखी द्या."

"तुमची तब्येत बिघडली तर तिने माझ्याकडेच बोट दाखवायचं आहे ना?"

त्यांनी खोकला आवरला आणि शंकू उचलायला वाकले. "बाजूला व्हाल का जरा? तुम्ही मध्ये उभ्या आहात." एरवी जावई कधी असं बोलत नाहीत. बोललेच तर त्यात चूक काही नव्हती. मी खरंच मध्ये उभी होते.

१८ नोव्हेंबर

तिकीटवाला वर आला. "मॅडम, तुम्हाला भेटायला कोणी आलंय. वेळ मागितलीय."

"कोण?"

तो चुळबुळला. "तुमची मुलगी."

मुलीने माझ्याकडे वेळ मागितली, तिकीटवाल्यामार्फत. मी पाठवा म्हटलं. ती आली, खुर्ची दाखवल्यावर बसली. डोळे कोरडे.

"मी भांडायला नाही आले. एवढंच सांगायला आले की आमचं ठरलंय. तो पाच वर्षं तिथे उभा राहणार. मी पाच वर्षं डबा आणणार. तू खिडकीत बस. आम्ही रोज दिसू तुला. घरी मात्र आम्ही येणार नाही. ना सणाला, ना आजारपणाला."

"हे ते बोलताहेत की तू?"

"मी. तो अजून म्हणतो, आई वाईट नाहीत. मीच म्हणते, मला तिच्याबरोबर वाढायला लागलंय, मला विचार."

"क्लब मी गुंतवणूक म्हणून घेतला."

"आई, तुला चेंडू गोल असतो एवढंच माहिती होतं. आम्ही ट्रकवाल्याला फोन केला त्याच आठवड्यात तू क्लब घेतलास."

मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं, वारा आत येत होता. तिने लावलं, पण बाहेरून.

२४ नोव्हेंबर

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. मुलीने येणं चुकवलं नाही, जावयांनी उभं राहणं चुकवलं नाही. खोकला वाढला आहे. कारखान्यात एका यंत्राची पाती घासली, ती बदलून घेतली.

आज वकिलांना फोन करून क्लब खेळाडू आणि प्रेक्षकांच्या मंडळाला देऊन टाकण्याचे कागद करायला सांगितले. ते म्हणाले, "घातलेल्या पैशांतलं काहीच परत मागणार नाही?" नाही म्हटलं. "आणि प्रशिक्षकांचा करार? तो मंडळाकडे जाईल."

"तो जाणार नाही. त्यातून त्यांना मोकळं केल्याचं पत्र वेगळं करा."

"कारण काय लिहू?"

"कारण लिहायला हवंच का?"

"असलं तर बरं."

मी म्हटलं, लिहा, मालकाला क्लब चालवता आला नाही. त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. एकदा पुरे होतं. चिखलाची तक्रार मागे घेतो आहोत हेही त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, ती अजून दाखलच केली नव्हती.

२ डिसेंबर

आज ताबा दिला. नोंद करून ठेवते, नंतर वाद नको.

कप्तानाच्या हाती, मैदानाच्या फाटकाशी, सकाळी: फाटकाच्या, ऑफिसच्या आणि न्हाणीघराच्या किल्ल्या. छपराच्या दुरुस्तीची कंत्राटदाराची हमी. बंब, तो मधूनमधून ठोकावा लागतो, कुठे ठोकायचा ते दाखवलं. गोलच्या नव्या जाळ्या, एक जोडी पेटीत बंद. मैदानावर पाणी मारायचा पाइप, एका जागी गळतो. नळवाला शेजारीच होता, म्हणाला, "तेवढं आम्ही बघून घेऊ, मॅडम." कप्तानाचा हात पिठाचा होता म्हणून त्याने किल्ल्या रुमालात घेतल्या. म्हणाला, "सामन्याला याल ना?" सलूनवाल्याने त्याला कोपराने ढोसलं. मी म्हटलं, तिकीट काढून येईन. त्यावर कोणी हसलं नाही.

ब्रेकची नोंदणी पूर्ववत केल्याचा कागद. तो बसवर होता, म्हणून तिकीटवाल्याकडे ठेवला.

मुलीच्या हाती, तिच्या घरासमोर, दुपारी: प्रशिक्षकांना करारातून मोकळं केल्याचं पत्र, माझ्या सहीचं. सामान ट्रकमध्ये चढत होतं. जावई गादीची गुंडाळी घेऊन वर होते, खोकत होते. मला पाहून खाली उतरले, वाकून नमस्कार केला, "येतो" म्हणाले. मी म्हटलं, तिथल्या डॉक्टरला आधी छाती दाखवा.

मुलीने पत्र उघडलं. उभ्यानेच सगळं वाचलं, शेवटचं वाक्य वाचून थांबली, मग तारीख तपासली. असे कागद तपासायला मीच तिला शिकवलं आहे.

"पोच देऊ?" तिने विचारलं.

"दे."

तिने माझंच पेन घेतलं, एका खोक्यावर कागद ठेवला आणि लिहिलं: पत्र मिळालं. खाली सही, तारीख. पेन टोपण लावून परत दिलं. खोकं आमच्याच कारखान्याचं होतं, बाजू दबलेली. मी तिला सांगितलं, यावर जड काही ठेवू नका.

नात ट्रकच्या पुढच्या सीटवर बसली होती. तिला काही द्यायचं लक्षात राहिलं नाही.

पोच या पानाला टाचली आहे.